रुग्णकक्षातली हवा कुठून येते, कुठे जाते: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रुग्णालयात रुजू झालेल्या परिचारिकेला, संसर्ग नियंत्रणाचे काम नुकतेच अंगावर आलेल्या डॉक्टरला किंवा इमारतीची देखभाल पाहणाऱ्या अभियंत्याला हात कसे धुवायचे, हातमोजे कधी बदलायचे आणि जंतुनाशक किती वेळ पृष्ठभागावर राहू द्यायचे हे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. खोलीतल्या हवेबद्दल मात्र ‘हवा खेळती ठेवा’ यापलीकडे फारसे कुणी काही सांगत नाही, आणि हवा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिच्याबद्दलचे गैरसमज वर्षानुवर्षे तसेच राहतात. हा लेख त्या नवोदितांसाठी आहे. यातल्या प्रत्येक पायरीमागे एकच प्रश्न आहे: या खोलीत हवा कुठून येते, कोणाच्या अंगावरून जाते आणि शेवटी कुठे बाहेर पडते? सुरुवातीला एक मोजपट्टी, टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची पट्टी, घड्याळ आणि वही एवढे साहित्य पुरते. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर मिळाला तर उत्तम.

पहिली पायरी: हवेत नेमके काय तरंगते ते समजून घ्या

श्वास, बोलणे, खोकला आणि शिंक यांतून वेगवेगळ्या आकारांचे कण बाहेर पडतात. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेवढेच अंतर उतरायला सुमारे अर्धा तास लागतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांच्या आसपास. शिवाय कोणत्याही खोलीत हवा कधीच पूर्ण स्थिर नसते. माणसांच्या वावराने आणि शरीराच्या उष्णतेने तयार होणारे प्रवाह सहज सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने वाहतात आणि ५ मायक्रॉनचा कण सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा खाली येत नाही, म्हणजे असे कण खाली बसत नाहीत, हवा नेईल तिकडे जातात. मोठा थेंब सुकण्याआधीच खाली पडतो, पण लहान थेंब वाटेतच सुकून आणखी लहान होतो, हे अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडले. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोगाच्या वॉर्डातली हवा नळांवाटे गिनीपिगच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णांशी कसलाही संपर्क न आलेल्या त्या प्राण्यांना केवळ त्या हवेतून क्षयरोगाची लागण झाली. ज्या गटाकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले होते, त्या गटाला झाली नाही.

क्षयरोग, गोवर आणि कांजिण्या हे हवेतून पसरणारे आजार म्हणून सर्वमान्य आहेत. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत संसर्गक्षम राहू शकतो. कोविडनेही हाच धडा नव्याने दिला. संसर्ग केवळ रुग्णाकडूनच येतो असेही नाही. बांधकामाच्या धुळीबरोबर येणारे ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णासाठी ते जीवघेणे ठरू शकतात.

दुसरी पायरी: खोलीचा नकाशा काढा

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा आणि गुणाकार करून घनफळ लिहून ठेवा. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीचे घनफळ ६० घनमीटर होते. पुढची सगळी उदाहरणे याच खोलीची आहेत. मग साध्या कागदावर खोलीची आकृती काढून दारे, खिडक्या, छतातल्या जाळ्या, एक्झॉस्ट फॅन, स्वच्छतागृहाचे दार, खाटा आणि पडदे यांच्या जागा दाखवा. प्रत्येक जाळीपाशी हात किंवा कागदाची पट्टी धरून ती हवा आत सोडते की बाहेर ओढते हे पाहा आणि बाणाने दाखवा. दाराखालची फट, छताच्या पट्ट्यांमधल्या भेगा, पाइप भिंतीत शिरतो तिथले भोक हेही विसरू नका, कारण हवेला जायला एवढीशी वाटही पुरते.

याच वेळी खोलीतल्या एसीची चौकशी करून घ्या. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत खोलीतच सोडतो आणि बाहेरची ताजी हवा जवळजवळ आणतच नाही. दारे-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या चार खाटांच्या खोलीत सर्वांना गार आणि प्रसन्न वाटते, पण तिथली सगळी माणसे एकमेकांचीच हवा घेत असतात. थंडावा म्हणजे वायुवीजन नव्हे, हे नव्या माणसाच्या मनात पहिल्या दिवशीच पक्के बसले पाहिजे.

तिसरी पायरी: हवेची दिशा तपासा

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होते. हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या रुग्णाची खोली ऋण दाबाची असावी लागते. तिथे आत सोडल्या जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर ओढली जाणारी हवा जास्त ठेवतात, त्यामुळे कॉरिडॉरमधली हवा दाराच्या फटीतून आत येते आणि आतली हवा कॉरिडॉरमध्ये जात नाही. ओढलेली हवा थेट इमारतीबाहेर, माणसांपासून आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांपासून दूर सोडावी लागते किंवा हेपा फिल्टरमधून, म्हणजे अतिशय बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून, गाळावी लागते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाची खोली याच्या उलट धन दाबाची असते, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा आतून बाहेर ढकलली जाते. शस्त्रक्रियागृहही धन दाबाचेच असते. या दोन प्रकारच्या खोल्यांची अदलाबदल झाली तर एका खोलीत मजल्यावरच्या सगळ्यांना आणि दुसऱ्या खोलीत खुद्द रुग्णाला धोका होतो.

दाबाचा हा फरक फार बारीक असतो. विलगीकरण कक्षासाठी मागितला जाणारा किमान फरक २.५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभात मिलिमीटरच्या पाव भागाइतका आहे. उघडे राहिलेले दार, कचऱ्याने भरलेली एक जाळी किंवा छतातली एक निसटलेली पट्टी एवढ्याने तो नाहीसा होतो. म्हणून भिंतीवरच्या, दाब दाखवणाऱ्या मीटरच्या आकड्यावर विसंबून न राहता रोज प्रत्यक्ष तपासणी करा. दार बंद करून बाहेर उभे राहा, दाराखालच्या फटीपाशी टिश्यूची पट्टी सैल धरा आणि ती कोणत्या बाजूला झुकते ते पाहा. ऋण दाबाच्या खोलीत ती आतल्या बाजूला ओढली गेली पाहिजे. पट्टीने समजत नसेल तर चाचणीसाठी मिळणारी धूरनळी वापरा. मात्र जवळपास ऑक्सिजन चालू असेल तर ठिणगी किंवा ज्योत असलेले कोणतेही साधन खोलीच्या आसपास नेऊ नका.

एका विलगीकरण कक्षाबाहेर मी अशीच पट्टी धरली होती. मीटरचा आकडा व्यवस्थित होता आणि पट्टी मात्र संथपणे माझ्याकडे, म्हणजे कॉरिडॉरकडे झुकत होती. आत गेल्यावर कारण दिसले. रुग्णाच्या डोक्याजवळच्या, हवा ओढणाऱ्या जाळीवर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावलेला होता. रात्री गार लागते म्हणून कुणीतरी काळजीपोटीच तो लावला होता, आणि दाब मोजणारी नळी त्या कक्षाऐवजी शेजारच्या मोकळ्या जागेला जोडलेली निघाली. पुठ्ठा काढल्यावर दुसऱ्याच मिनिटाला पट्टी आत वळली. त्या खोलीत काम करणाऱ्या परिचारिका किती दिवस चुकीच्या भरवशावर वावरत होत्या, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो.

खिडकी उघडली की प्रश्न सुटतो, असेही समजू नका. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतल्या मेशेडे गावातल्या रुग्णालयात देवीचा एक रुग्ण स्वतंत्र खोलीत ठेवला होता. तरीही वरच्या मजल्यांवरच्या, त्याला कधी न भेटलेल्या माणसांना देवीची लागण झाली. नंतर त्याच्या खोलीत धूर सोडून पाहिला तेव्हा तो अर्धवट उघड्या खिडकीतून बाहेर पडून भिंतीलगत वर चढताना आणि वरच्या खोल्यांत शिरताना दिसला. जिन्यातूनही तो वर गेला. म्हणून खिडकीच्या वर काय आहे, शेजारी कोणाची खिडकी आहे आणि वारा बहुतेक वेळ कोणत्या दिशेने वाहतो, हे आकृतीत लिहायलाच हवे.

दाराची सवयही इथेच लावून घ्या. बिजागरीवर फिरणारे दार उघडताना स्वतःबरोबर हवेचा मोठा लोट ओढते, आणि झपाट्याने बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पाठीमागे खोलीतली हवा ओढली जाते. सरकत्या दाराने हे कमी होते. दार कसलेही असले तरी ते सावकाश उघडावे, बाहेर पडून लगेच बंद करावे, आणि खोलीला पूर्वकक्ष, म्हणजे आत शिरण्याआधीची छोटी खोली असेल तर दोन्ही दारे एकाच वेळी कधीही उघडी ठेवू नयेत.

चौथी पायरी: हवा किती बदलते ते मोजा

दिशा बरोबर असल्याची खात्री झाली की मगच प्रमाणाकडे वळा. तासाभरात खोलीच्या घनफळाइतकी हवा जितक्या वेळा येते, तितके त्या खोलीचे हवाबदल. ६० घनमीटरच्या खोलीत तासाला ३६० घनमीटर बाहेरची हवा येत असेल तर ६ हवाबदल झाले. नव्या माणसाची नेहमीची चूक अशी की एका हवाबदलात जुनी हवा सगळी निघून गेली असे तो मानतो. प्रत्यक्षात नवी हवा जुनीत मिसळत असते, त्यामुळे एका हवाबदलानंतरही सुमारे ३७ टक्के जुने कण शिल्लक राहतात.

अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार नव्याने बांधलेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या विलगीकरण कक्षात तासाला किमान १२ आणि जुन्या कक्षात किमान ६ हवाबदल अपेक्षित आहेत, तर शस्त्रक्रियागृहात २०. नैसर्गिक वायुवीजनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये वेगळे परिमाण दिले: हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या कक्षात दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी १६० लिटर आणि सर्वसाधारण वॉर्डात ६० लिटर. आपल्या खोलीत एकच रुग्ण असेल तर १६० लिटरचा हिशेब तासाला ५७६ घनमीटर, म्हणजे साडेनऊपेक्षा थोडे जास्त हवाबदल असा येतो.

मोजायचे कसे? जाळीतून येणारी हवा मोजायला वाऱ्याचा वेग दाखवणारे यंत्र, म्हणजे ॲनिमोमीटर लागतो. उघड्या भागाचे क्षेत्रफळ आणि हवेचा सरासरी वेग यांचा गुणाकार करून ३६०० ने गुणावे आणि घनफळाने भागावे. खिडकीचा उघडा भाग अर्धा चौरस मीटर असेल आणि हवा सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने आत येत असेल, तर तासाला ३६० घनमीटर हवा आली, म्हणजे आपल्या खोलीत ६ हवाबदल झाले. वेग मात्र एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. खिडकीच्या कोपऱ्यांत आणि मध्यभागी तो फार वेगळा असतो, काही वेळा तर वरून हवा बाहेर जात असते आणि खालून आत येत असते.

मीटर हाताशी असेल तर कार्बन डायऑक्साइडची रीत मला अधिक भरवशाची वाटते. बाहेरच्या हवेत हा वायू सध्या दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो आणि उच्छ्वासात जवळपास ४०,००० भाग. खोलीत माणसे असताना आकडा वर चढतो. सगळे बाहेर पडल्यावर दारे-खिडक्या नेहमीच्या स्थितीत ठेवून तो किती वेळात उतरतो ते पाहा. समजा बाहेर ४२० आणि आत १,४२० आहे, म्हणजे वाढ १,००० ची आहे. ही वाढ ३७ टक्क्यांवर, म्हणजे मीटरचा आकडा ७९० वर यायला जितकी मिनिटे लागतील, त्या संख्येने ६० ला भागा. २० मिनिटे लागली तर हवाबदल तासाला ३. हे काम दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि थंडीत, खिडक्या उघड्या असताना आणि बंद असताना असे वेगवेगळे करावे. एकाच खोलीचे आकडे किती बदलतात हे पाहून नवा माणूस चकित होतो, आणि इथेच तो खऱ्या अर्थाने शिकतो.

दोन मर्यादा ध्यानात ठेवा. हा वायू हेपा फिल्टरमधून तसाच पार जातो, त्यामुळे फिल्टरने किती कण काढले हे मीटर सांगत नाही. आणि एकट्या रुग्णाच्या मोठ्या खोलीत आकडा कमी दिसला तरी तो रुग्ण संसर्गजन्य असेल तर खोली सुरक्षित आहे असे ठरत नाही.

उघड्या खिडक्यांची ताकद कमी लेखू नये. पेरूची राजधानी लिमा इथल्या ८ रुग्णालयांत केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सगळ्या दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २८ हवाबदल मिळत होते, आणि उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील तर वारा आरपार जातो. एकाच भिंतीत खिडकी असेल तर हवा तिथल्या तिथे घुटमळते. पण वारा पडला की हे सगळे आकडे कोसळतात, थंडीत खिडक्या लावून घेतल्या जातात आणि हवेची दिशा आपल्या हातात राहत नाही. म्हणून खिडक्यांवर चालणाऱ्या वॉर्डात वारा नसलेल्या दिवसासाठी एक्झॉस्ट फॅनची सोय आधीच करून ठेवावी.

पाचवी पायरी: खाट आणि उभे राहण्याची जागा ठरवा

तत्त्व असे की स्वच्छ हवा आधी काम करणाऱ्या माणसाकडे यावी, मग रुग्णावरून जावी आणि तिथूनच बाहेर पडावी. त्यामुळे हवा ओढणारी जाळी शक्यतो रुग्णाच्या डोक्याजवळ असावी आणि तपासणाऱ्या डॉक्टरने जाळी व रुग्ण यांच्या मध्ये उभे राहू नये. खोलीत टेबल फॅन असेल तर त्याचा झोत रुग्णाच्या पाठीमागून दाराकडे किंवा शेजारच्या खाटेकडे येत नाही ना, हे पाहा. असा एक फॅन सगळी यंत्रणा निकामी करतो.

छतातून सोडलेली हवा सरळ खाली येऊन कण जमिनीकडे ढकलते, ही कल्पनाही प्रत्यक्षात फारशी टिकत नाही. माणसाचे शरीर गरम असल्याने त्याच्याभोवतीची हवा सतत वर चढते, आणि झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास खोलीच्या मधल्या उंचीवर थरासारखा साठूही शकतो, विशेषतः जिथे थंड हवा जमिनीलगत हलकेच सोडून ती वर उचलली जाते तिथे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर वायुवीजनाचा उपयोग फार थोडा होतो, कारण तिथे खोलीची हवा मिसळण्याआधीच उच्छ्वास आपल्यापर्यंत पोहोचलेला असतो. तिथे नीट बसणारा एन-९५ मास्कच हवा.

सहावी पायरी: फिल्टर आणि अतिनील दिवे

ताजी हवा पुरेशी मिळत नसेल तर हेपा फिल्टर असलेला फिरता हवाशुद्धक लावता येतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि याहून मोठे व याहून लहान कण तर तो आणखी सहज अडवतो. यंत्रावर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो आकडा दिलेला असतो. ३६० घनमीटरचे यंत्र आपल्या खोलीत ६ हवाबदलांइतके काम करते. तो आकडा बहुधा सर्वांत जास्त वेगाचा असतो आणि त्या वेगाला यंत्र मोठा आवाज करते, म्हणून रात्री कुणीतरी ते कमी वेगावर आणते. यासाठी गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणे शहाणपणाचे. ते पडद्यामागे किंवा कपाटाच्या आडोशाला ठेवू नये.

खोलीच्या वरच्या भागात लावायचे अतिनील दिवे क्षयरोगासाठी उपयुक्त ठरले आहेत. त्यांचे किरण डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात, त्यामुळे ते जाणकाराकडूनच, माणसांच्या डोक्याच्या उंचीपेक्षा वर आणि आडव्या झडपांसह बसवून घ्यावेत. बुटक्या छताच्या खोलीत ते लावूच नयेत.

सातवी पायरी: खोली रिकामी झाल्यावर थांबा

रुग्ण गेल्यानंतर साफसफाईसाठी लगेच दार उघडू नका. हवा नीट मिसळते असे धरले तर ९९ टक्के कण निघून जायला १२ हवाबदलांच्या खोलीत २३ मिनिटे, ६ हवाबदलांच्या खोलीत ४६ मिनिटे आणि २ हवाबदलांच्या खोलीत १३८ मिनिटे लागतात. ९९.९ टक्क्यांसाठी पहिल्या दोन खोल्यांना अनुक्रमे ३५ आणि ६९ मिनिटे. कोपऱ्यांत हवा अडकत असल्याने खरा वेळ याहून जास्तच लागतो. म्हणून चौथ्या पायरीत काढलेल्या आकड्यावरून आपल्या खोलीचा थांबण्याचा वेळ ठरवा आणि तो दारावर ठळक अक्षरांत लावा. त्याआधी आत जावेच लागले तर एन-९५ घालूनच जावे.

आठवी पायरी: नोंदवही आणि पट्टी उलटली तर

विलगीकरण कक्षात रुग्ण असेपर्यंत पट्टीची तपासणी रोज करा. वहीत तारीख, वेळ, पट्टीची दिशा, दाराची स्थिती आणि तपासणाऱ्याची सही एवढे पुरे. फिल्टर बदलल्याच्या तारखा त्याच वहीत लिहा, आणि मजल्यावर कुठेही भिंत फोडायचे काम निघाले तर ते सुरू होण्याआधी सर्व खोल्यांची तपासणी पुन्हा करा.

पट्टी उलट्या बाजूला वळलेली दिसली तर आधी दार पूर्ण बंद आहे का ते पाहा, मग जाळ्या मोकळ्या आहेत का आणि एक्झॉस्ट फॅन चालू आहे का ते तपासा. पाच मिनिटांत दिशा सुधारली नाही तर अभियंत्याला फोन करा, आत-बाहेर जाणे अत्यावश्यक कामापुरते ठेवा, दाराबाहेरच्या कर्मचाऱ्यांनाही एन-९५ घालायला सांगा, रुग्णाला सोसत असेल तर साधा मास्क द्या आणि दुसरा चालू विलगीकरण कक्ष मोकळा आहे का याची चौकशी सुरू करा. वहीत त्या वेळेची नोंद लाल शाईने करा आणि दिशा पूर्ववत झाल्याची वेळ तिच्यासमोर लिहा, कारण त्या दोन वेळांच्या मध्ये कॉरिडॉरमध्ये कोण कोण होते, हे नंतर शोधावे लागते.